खाली बसलंय ते कापायचं नाही

रेखे, तुझ्या पडवीत अजून शहाळी येतात. ढीग एवढा वाढलाय की कोर्लईच्या किल्ल्यावरून दिसतो म्हणतात, आणि परवा एक मुंबईचा पाहुणा गाडी थांबवून भाव विचारून गेला. तू असतीस तर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, "कुंदा, नेट काढ."

बरं. नेट, म्हणजे निव्वळ उरतं तेवढं, असं: कोपऱ्यात पंधरा-वीस शहाळी आहेत. पाहुणा आला नव्हता.

तेरावं झालं, मांडव उतरला. तुझा नवरा, आमचे प्रकाश भावोजी, ओटीवर बसतात आणि कुणी आलं की उठून उभे राहतात, बस म्हणून सांगायचं विसरतात. फरशी धुतली गेली. तिच्यावर मुलांचा खडूचा सराव होता, तोही धुतला गेला. सुतकाच्या घरात हे पुसू नका म्हणून कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तरी बायकांनी मला वेडी ठरवली असती. तशी मी आधीपासून ठरलेली आहेच.

मी मराठीची बाई, तू रसायनाची. आपल्या दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत पोचायच्या आत संस्थेचा उत्साह संपला, त्यामुळे इतकी वर्षं मी पोरांना विरामचिन्हं शिकवत होते आणि पलीकडून तू आयन कापत होतीस. तुझं निव्वळ आयनिक समीकरण मला माझ्या धड्यांपेक्षा जास्त पाठ आहे. झोपेतून उठवून विचारा. आधी भांड्यात जे जे आहे ते सगळं मांडायचं, कुणाला वगळायचं नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मिठाचं पाणी ओतलं, तर चांदी, नायट्रेट, सोडियम, क्लोराइड, चौघांची हजेरी लावायची. त्यातले चांदी आणि क्लोराइड एकमेकांना धरतात आणि पांढरा साका होऊन तळाला बसतात. सोडियम आणि नायट्रेट आले तसेच पाण्यात फिरत राहतात. "जो आला तसाच राहिला, त्याला दोन्हीकडून काट," तू म्हणायचीस, आणि फळ्यावर खडू असा करकरायचा की माझ्या वर्गातली पेंगणारी पोरं जागी व्हायची. पुस्तकात त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. तू बघे म्हणायचीस. "हळदीला येतात, जेवतात, जातात. नवरा-नवरी तेवढी लिहायची."

आणि दरवर्षी एक तरी पोर तीच चूक करायचं. गेल्या वर्षी कोळीवाड्यातली दर्शना. तिने तळाला बसलेल्या साक्याचीही फोड करून टाकली, चांदी वेगळी, क्लोराइड वेगळं, मग दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि तिने मन लावून सगळ्यांनाच काट मारली. भिंतीपलीकडून मी ऐकलं.

"मॅडम, काहीच उरत न्हाय."

"काहीच नाही?"

"न्हाय. सगला कटला."

तू परीक्षानळी तिच्या नाकासमोर धरली असणार, कारण बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणालीस, "मग हे काय आहे? तू कापलंस म्हणून हे गेलं का? पाण्यात विरघळलंय ते फोडायचं. खाली बसलंय ते फोडायचं नाही, आणि कापायचं तर अजिबात नाही."

हीच विद्या तू माझ्यावर चालवायचीस. स्टाफरूममध्ये मी रंगात आले की तू शांतपणे चहा घ्यायचीस आणि माझी गोष्ट संपली की हवेत खडूने काट मारल्यासारखा हात हलवायचीस. मी सांगितलं की वाटेत माड आडवा पडला, तो उचलायला सात माणसं आली, त्यातली तीन माडाखालीच जेवली, आणि शेवटी मी एकटीने तो पायाने लोटला. तू म्हणालीस, "माड डावीकडे पडलेला, उजवीकडेही पडलेला. काट. माणसं आली, गेली. काट. उरलं काय? कुंदाने पहिला तास बुडवला." मुख्याध्यापक समोर बसलेले. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत.

पण एकदा मी माझ्या बाबांची गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांना सांगते: वादळात बाबांनी एवढा मोठा मासा ओढला की मासाच बोट ओढायला लागला, आणि तो बाबांना घेऊन पार द्वारकेपर्यंत गेला, तिथे त्यांना मान मिळाला, म्हणून ते परत आले नाहीत. सगळे हसले. तुझा हात हलला नाही. शाळा सुटल्यावर स्टँडवर एसटीची वाट बघताना तू हळूच विचारलंस, "बाबा कसे गेले गो?"

"बोट उलटली," मी म्हटलं.

ते वाक्य मी तोवर तोंडातून काढलं नव्हतं. तू पाकिटातून चिक्की काढून अर्धी मला दिलीस. आपली मैत्री तिथून धरायची, त्याआधीची नुसती ओळख.

मग तुझे पाय सुजायला लागले. तू म्हणालीस, उभं राहून शिकवल्याने. चेहरा सुजला, तेव्हा म्हणालीस, झोप झाली नाही. अलिबागला डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं थकल्याचं सांगितलं, मशीनवर रक्त धुवायला सुरुवात झाली, आणि तुझ्या हातात काय खायचं नाही त्याचा कागद दिला. मीठ नाही. नारळ नाही, शहाळं तर मुळीच नाही. सुकी मासळी नाही. मी म्हटलं, सरळ रायगड जिल्हा खायचा नाही असंच का नाही लिहिलं. तू हसलीस. पेणच्या खाडीकडे तुझं माहेर, बापजाद्यांनी मिठागरात उभं राहून पाय पिकवले, त्या घरातली लेक आळणी पेज पीत होती, आणि कारण काय, तर सोडियम आणि पोटॅशियम.

मला राहवलं नाही. आजारी माणसाला टोचू नये हे मला कळतं, पण तू मला कधी आजारी वाटायचीच नाहीस. मी म्हटलं, "काय गो, जन्मभर पोरांना सांगितलंस, सोडियम बघ्या, पोटॅशियम बघ्या, काट मारा. आता दोघं उठून मंडपात आले आणि नवरीच पळवायला निघाले."

तू उशीला टेकून बसलीस आणि वर्गात बसल्यासारखी म्हणालीस, "बघ्या हा जन्माचा बघ्या नसतो. त्या परीक्षानळीपुरता असतो. नळी बदलली की हिशोब नव्याने मांडायचा."

आता वाटतं, ते तुझं सगळ्यात मोठं वाक्य होतं. तेव्हा मी म्हटलं, "पेज निवतेय, पी."

खरं संकट मात्र औषधाचं नव्हतं, माणसांचं होतं. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हातात दुसरं काय असणार. ज्याच्या परसात एक माड आहे तोही शहाळं घेऊन येतो. तुझे विद्यार्थी तर घरटी एक आहेत. सकाळपासून रांग. भावोजी हात जोडून सांगायचे, "डॉक्टरांनी मना केलंय, पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडेल." लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "शहाळ्याने कुणाला काय झालंय? देवाचं पाणी आहे. दोन घोट द्या." भावोजी स्वयंपाकघरात गेले की एखादी मावशी पदराखालून पेला काढायची. एकदा मी तो तुझ्या ओठाजवळून ओढून घेतला. तू तहानेने एवढी व्याकूळ होतीस की माझा हात धरून ठेवलास, सोडेचनास. दिवसाला मोजून पाणी मिळणारं माणूस, आणि समोर गार शहाळं. त्या दिवशी मी ठरवलं की दारात मी बसणार.

आणि मी बसले. देवाने मला जी एक विद्या दिली आहे ती मी त्या दारात उधळली, रेखे. एकाला सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरांनी फक्त जुळं शहाळं चालेल म्हटलंय, एका देठाला दोन, तेही उत्तरेकडे तोंड असलेलं. तो अजून शोधतोय. एकीला सांगितलं, तिच्या अंगात इतकं पाणी साठलंय की भरतीला पलंग हलतो. ती घाबरून शहाळं माझ्याच पायाशी ठेवून गेली. पण गोष्टी पुरेनात. लोक दुसऱ्या दिवशी दुसरं शहाळं घेऊन यायचे. शेवटी मी एक वाक्य सोडलं: "रेखाने बंदरावरच्या देवीला नवस बोललाय. बरी होईपर्यंत शहाळ्याला तोंड लावणार नाही."

रांग त्या दिवशीच तुटली. डॉक्टर हरला, विज्ञान हरलं, नवस जिंकला. बायका दारातूनच हात जोडायच्या आणि शहाळं परत न्यायच्या. कुणी पदराखाली पेला आणला नाही. नवस कोण मोडणार?

तुला कळलं तेव्हा तू पलंगावरून उठायला बघितलंस. चिडलीस की तुझ्या तोंडात माहेरची भाषा यायची. "माझ्या नावावर नवस? कुनाला इचारून गो? मी जन्मात कधी नवस बोलली न्हाय, पोरांना सांगते बोलू नका, न तू माझ्या तोंडात घातलास?"

"शहाळी थांबली ना?"

"शहाळी थांबली. का थांबली ते कुनाला कललं?"

"कळून काय करायचंय? तू जगायला हवीस."

"मी एकटीच आजारी हाय का या किनाऱ्यावर?" तू म्हणालीस, आणि भिंतीकडे तोंड केलंस.

हा आपला वाद. तो मिटलेला नाही. तू गेलीस म्हणून मी तो जिंकले असं नाही, आणि मेलेल्या माणसाचं बरोबर असतं हा न्याय मला मान्य नाही. त्या वेळी पोटॅशियम म्हणून सांगून दार अडलं नसतं. नवसाने अडलं. मी आजही तेच म्हणेन.

मशीनवर जायचं नसेल त्या दिवशी पोरं यायची. बारावीची परीक्षा तोंडावर, आणि तू सुट्टीवर. पडवीच्या फरशीवर खडूने समीकरणं मांडायची आणि तू दारातल्या खुर्चीत बसून काठीने दाखवायचीस, हा आयन राहिला, तो भार जुळला नाही. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडचं समीकरण आलं. पिवळा साका खाली, पोटॅशियम बघ्या. दर्शनाने काट मारण्याआधी तुझ्याकडे बघितलं. पोरीला ठाऊक होतं, भावोजींचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिचा खडू हवेतच राहिला.

"मार काट," तू म्हणालीस. "इथे तो काही करत नाही."

तिने काट मारली. नंतर मागच्या दारी जाऊन रडत होती. मी तिला एक गोष्ट सांगितली आणि हसवलं. कुठली ते आठवत नाही.

शेवटच्या वेळी अलिबागहून परत येताना तू गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतंस. रेवदंड्याच्या पुलावर ओहोटी होती, चिखलात होड्या कलल्या होत्या. भावोजी पुढे बसले होते. डॉक्टर आम्हा दोघांना बाहेर बोलवून काय म्हणाले ते तू आमच्या पाठीवरून वाचलं होतंस.

"कुंदा, नेट सांग."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, अशी पेशंट त्यांनी पाहिली नाही. मशीन तुझ्याकडून शिकतंय. पुढच्या वर्षी तू शाळेत, आणि ते मशीन संस्थेच्या कार्यकारिणीवर."

भावोजींचे खांदे हलले. हसले की काय, मला दिसलं नाही.

"बरं," तू म्हणालीस. "मग एवढं कर. मी नसेन तेव्हा तो नवस काप. नवसाने एक दार अडतं. खरं कारण कळलं तर सगळी अडतील."

"आधी बरी हो," मी म्हटलं.

हो म्हटलं नाही. तू परत विचारलं नाहीस.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी वर्गात असताना भावोजींचा फोन आला. पोटॅशियम चढलं, हृदय थांबलं. कुठून चढलं म्हणून मी डॉक्टरांना असं विचारलं की जणू ते चोराला ओळखतात. ते म्हणाले, या आजारात चढतंच, शोधत बसू नका. मी शोधत बसते. दारातून किती हात आत गेले ते आठवते, प्रत्येक पदर उचलून बघते. काही सापडत नाही. भिंतीपलीकडचा वर्ग रिकामा आहे आणि माझ्या वर्गातली पोरं पेंगतात.

आणि माझी गोष्ट मात्र जिवंत राहिली. तू जळून राख झालीस, नवस झाला नाही. बायका म्हणायला लागल्या, मास्तरीण नवस अंगावर घेऊन गेली, सुटणार कशी, कुणीतरी फेडायला हवा. म्हणून शहाळी. ज्यांनी दारातून परत नेली होती तीच माणसं आता आणून तुझ्या पडवीत ठेवतात, हात जोडतात. तुझ्यासारखीच्या नावाने. मी बघत राहिले. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. हे मला सांगायला हवं होतं, आणि मी रोज उद्यावर टाकत होते, कारण खोटं सांगताना मला कधी घाम फुटला नाही, खरं सांगायचं म्हटलं की फुटतो.

आज सकाळी हिरामावशी आली. तीच, बाजाराच्या तोंडाशी बसते, जिच्याकडून तू पापलेट घ्यायचीस आणि घासाघीस करताना हरायचीस. तुझ्या दिवसांना ती नव्हती, नवऱ्याला, तात्यांना, घेऊन मुंबईला होती. डोक्यावरची पाटी उतरवली, तीतून एक शहाळं काढून ढिगावर ठेवलं आणि डोळे पुसले.

"मास्तरनीचा नवस रायला गो. आमचा पन एक असू दे."

"तात्या कसे आहेत?" मी विचारलं.

"आनला घरी. त्याला पन तेच झायलंय, मास्तरनीला झायला तोच. अलिबागला मशीनवर नेतंव." ती जरा टेकली. "पन आता बरा हाय. मी रोज सकाली एक शहालं देतंय त्याला. ताकद येते."

आणि बघ, माझी जात कशी आहे: गोष्ट लगेच तयार झाली. तात्यांनीही नवस बोलायला हवा मावशी, देवी माझ्या स्वप्नात आली होती, शहाळं सोडा म्हणाली. एका वाक्याचं काम होतं. तिने आत्ताच्या आत्ता ऐकलं असतं. ढिगाकडे हात करून सांगायचं, एवढंच.

मग त्याच्या पुढचा आजारी. त्याच्या दारात कोण बसणार?

"मावशी, त्यांना शहाळं देऊ नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड चालत नाही त्याच्या अंगात ते साठतं आणि हृदय थांबतं. डॉक्टरांनी कागद दिला असेल."

"दिलाय. कोन वाचतंय." ती हसली. "तू पन सांगतंस काय पन. शहाल्यानं कुनाला काय झायलंय? मास्तरनीनं तर सोडला होता, नवसानं. तरी गेलीच ना?"

"नवस नव्हता."

तिने माझ्याकडे बघितलं.

"नवस मी रचला. रेखाने कधीच बोलला नव्हता. तुम्ही सगळ्या शहाळी घेऊन येत होतात आणि ऐकत नव्हतात. तिला ते विष होतं. म्हणून मी देवीचं नाव घेतलं."

"खोटा बोललीस? देवीच्या नावानं?"

"हो."

"मंग आता खरा कशावरनं?"

जन्मभर थापा मारलेल्या बाईने शपथ तरी कशाची घ्यायची, रेखे? मी ढिगाकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"रेखा गेली," मी म्हटलं. "पोटॅशियम चढून गेली. एवढंच आहे, मावशी. याच्यापुढे माझ्याकडे गोष्ट नाही."

मग मला पुढचं बोलता आलं नाही. तू गेल्यापासून मी किती बोलले, दिवसांना आलेल्यांना तुझे किस्से सांगून हसवलं, पण ही दोन शब्दांची ओळ मी तोंडातून काढली नव्हती. हिरामावशी माझ्याकडे बघत राहिली. मी आजवर तिला इतकी गप्प दिसले नसेन. माझ्या बोलण्यापेक्षा तिने त्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला असावा.

"आजचा दिला न्हाय अजून," ती म्हणाली. "उंबऱ्यात ठेवलाय. पोरगी देईल."

तिने पाटी उचलली, निघाली, परत वळली, ढिगावरचं आपलं शहाळं घेतलं आणि जवळजवळ धावत गेली. या वयात, त्या गुडघ्यांनी. वाढवून सांगत नाही.

या दारातून गोष्ट न सांगता परत गेलेलं ते पहिलं शहाळं.

बाकीची अजून कोपऱ्यात आहेत. कुठलं कुणाचं ते भावोजींना ठाऊक आहे. उद्यापासून एकेक घेऊन घरोघरी जाईन. शिव्या पडतील, देवीच्या नावाने पडतील, पडू देत. दारात उभी राहून काय म्हणायचं ते मी मनात मांडून ठेवलंय, तुझ्यासारखं, आधी सगळं लिहून आणि मग कापत कापत. माड गेला, पलंग गेला, मशीन कार्यकारिणीवरून उतरलं. एवढं उरतं:

शहाळं रेखाला विष होतं. नवस नव्हता. रेखा गेली.

तपासून बघ.